निनावी नोकराची साक्ष

मुस्लिम मराठी साहित्यात मोहल्ला आला, मदरसा आला, दंगल आली, तलाकचा प्रश्न आला, गावचा उरूसही आला. पण आपल्यातील बहुतेक लिहिणारे जिथे दिवसाचे आठ तास घालवतात, ती कचेरी मात्र फारशी आली नाही. आपले लेखक कोण आहेत? शिक्षक, तलाठी, पोस्टमन, एस.टी.चे कंडक्टर, बँकेतले आणि पतपेढीतले कारकून. मस्टरवर सही करून दिवस सुरू करणारी ही माणसे रात्री लिहायला बसली की मस्टर विसरतात. याचे कारण अनुभवाचे दारिद्र्य नव्हे. कारण वेगळे आहे आणि ते आपण सगळेच जाणतो. ज्या हाताने पगार घ्यायचा, त्या हाताने पगार देणाऱ्याविषयी खरे लिहिणे सोपे नसते.

या अंकासाठी आलेल्या साहित्यात एक कथा अशी होती की तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. सोबतच्या चिठ्ठीत नाव होते, पण ते छापू नये अशी अट होती. एक लहान संस्था मोठ्या संस्थेत विलीन होते, दोन शाखांची एक शाखा होते, नवे सॉफ्टवेअर येते, नवे साहेब येतात आणि अकरा माणसे 'अतिरिक्त' ठरतात, असा तिचा विषय. नाव न छापण्याची लेखकाने दोन कारणे दिली होती. पहिले, नोकरी जाईल. दुसरे, नाव वाचताच लोक कथेचा अर्थ लावून मोकळे होतील. 'यांचे नेहमीचेच गाऱ्हाणे' म्हणून पान उलटतील. पहिले कारण आम्हाला लगेच पटले. दुसऱ्याने मात्र आम्ही अस्वस्थ झालो. आपले नाव आपल्या आधी खोलीत शिरते आणि आपल्या आधी खुर्चीवर बसते, हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही?

ही कथा छापावी की नाही यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. त्या चर्चेतून जे प्रश्न उभे राहिले त्यांची मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे. निनावी नोकराचे लेखन साहित्य म्हणून कसे वाचावे? साक्ष म्हणून त्यावर कितपत विसंबावे? आणि नाव झाकल्याने नेमके काय वाचते आणि काय हरवते?

या प्रश्नांची उत्तरे शोधताना आम्हाला १८६० हे साल महत्त्वाचे वाटते. त्या एका वर्षात जगाच्या दोन टोकांना दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. दोन्ही सरकारी नोकरांनी लिहिलेली, दोन्ही शेतकऱ्याच्या पिळवणुकीवरची आणि दोन्हींवर लेखकाचे खरे नाव नसलेली. एक डच कादंबरी 'माक्स हावेलार', दुसरे बंगाली नाटक 'नीलदर्पण'.

'माक्स हावेलार'चा लेखक एदुआर्द दाउवेस देकर. हा ॲमस्टरडॅमचा माणूस १८३९ मध्ये बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्त्याला पोचला आणि वसाहतीच्या नोकरीत शिरला. जानेवारी १८५६ मध्ये तो पश्चिम जावातील लेबाक या भागाचा सहायक रेसिडेंट झाला. त्या वेळी जावामध्ये १८३० पासूनची सक्तीच्या लागवडीची पद्धत चालू होती. गावाने आपल्या जमिनीचा एक हिस्सा सरकार सांगेल त्या निर्यातीच्या पिकाला द्यायचा, सरकार ठरवेल त्या भावात माल घालायचा, आणि नेदरलँड्स ट्रेडिंग कंपनीने तो जहाजाने नेऊन लिलावात विकायचा, अशी ती साखळी होती. पिकावर डच अधिकाऱ्यांना आणि स्थानिक सरदारांना टक्केवारी मिळे. म्हणजे जो देखरेख करणार त्याचाच पीक वाढण्यात हिस्सा! अशा व्यवस्थेत तक्रार वर जात नाही, कारण जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक टक्केवाला बसलेला असतो.

लेबाक गरीब भाग. तिथली रयत मुसलमान, तिच्यावरचा रीजंट म्हणजे वतनदार सरदारही मुसलमान, आणि त्याच्यावर डच साहेब. रीजंट रयतेला बिनमजुरी राबवून घेतो, त्याच्या माणसांकडून गरिबांच्या म्हशी बळकावल्या जातात, हे देकरने पाहिले. महिन्याभरात त्याने वरिष्ठांकडे लेखी आरोप केला. वरिष्ठांनी त्यालाच उतावळा ठरवले. एप्रिल १८५६ मध्ये त्याची नोकरी संपली. पुढे झालेल्या चौकशीत तक्रारींत तथ्य आढळले, काही दुय्यम माणसांना काढले गेले, पण रीजंट आपल्या जागेवरच राहिला. तक्रार करणारा तेवढा बाहेर आला. ही गोष्ट पावणेदोनशे वर्षे जुनी आहे, पण ती वाचताना कोणत्याही नोकरदाराला ती कालची वाटेल.

१८५९ च्या शरद ऋतूत, ब्रुसेल्समधल्या एका साध्या खाणावळीच्या खोलीत, महिना-सव्वा महिन्यात त्याने कादंबरी लिहिली. टोपणनाव घेतले 'मुलताटुली'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी पुष्कळ सोसले आहे'.

या कादंबरीची रचना पाहण्यासारखी आहे. देकर आपली कहाणी स्वतःच्या तोंडून सांगत नाही. कादंबरी सुरू होते ती ड्रोगस्टॉपेल नावाच्या कॉफीच्या दलालाच्या बोलण्याने. हा दलाल धार्मिक, हिशेबी आणि स्वतःवर बेहद्द खूश आहे. त्याला एक जुना वर्गमित्र भेटतो. थंडीत अंगावर कोट नाही, नुसती शाल आहे, म्हणून तो 'शालवाला'. शालवाल्याकडचे कागदांचे गाठोडे दलालाच्या हाती येते. त्यात कॉफीविषयी काही उपयोगाचे असेल म्हणून तो आपल्या पेढीतल्या स्टर्न नावाच्या तरुण जर्मन उमेदवाराला त्यातून पुस्तक करायला सांगतो. स्टर्न कागद वाचतो आणि लिहितो मात्र हावेलारची कहाणी. म्हणजे अन्यायाची कथा आपल्याला त्या अन्यायावर श्रीमंत झालेल्या माणसाच्या दुकानातून ऐकावी लागते. शेवटी मुलताटुली स्वतः प्रवेश करतो, दोघांनाही बाजूला सारतो, लेखणी हातात घेतो आणि थेट राजाला जाब विचारतो. टोपणनावाचा मुखवटा इथे लपण्यासाठी वापरलेला नाही. नोकरी तर आधीच गेलेली होती. मुखवटा आहे तो योग्य क्षणी काढण्यासाठी.

मुस्लिम वाचकाला या कादंबरीत विशेष खुपणारी एक जागा आहे. दलालाचा लाडका पाद्री वावेलार प्रवचनात सांगतो की, जावाची माणसे अंधारात आहेत आणि श्रमातून त्यांना ईश्वराकडे न्यायला हवे. दलालाला हे प्रवचन फार आवडते, कारण त्या श्रमातून कॉफीही येते! धर्माची भाषा आणि नफ्याची भाषा एकाच वाक्यात कशी मावते, हे लेखकाने एकही शिवी न देता दाखवले आहे. पण तेवढ्यावर आपण समाधान मानू नये. त्याच कादंबरीत रयतेची म्हैस नेणारा सरदार रयतेच्याच धर्माचा आहे. दुसऱ्या एका रीजंटचा लवाजमा पाहुणा येणार म्हणून अंगण साफ करायला गरिबांना फुकट राबवणारा तोच आहे. आपलेपणाच्या नात्याने शोषण हलके होत नाही, उलट त्याविरुद्ध बोलणे अवघड होते. ही गोष्ट आपल्या संस्था चालवणाऱ्यांनीही वाचावी अशी आहे.

कादंबरीतल्या सैजा आणि अदिंदाच्या कथेचा उल्लेख टाळता येत नाही. सैजाच्या बापाची म्हैस नेली जाते. तो वडिलोपार्जित वस्तू विकून दुसरी घेतो. तीही जाते. अखेर बाप गाव सोडून पळतो, परवान्याशिवाय गेला म्हणून फटके खातो आणि तुरुंगात मरतो. सैजा म्हशीपुरते पैसे मिळवायला बटाव्हियाला जातो. परततो तेव्हा अदिंदाचे घरच तिथे नसते. शोधत तो समुद्रापलीकडे लाम्पुंगला पोचतो, तेव्हा डच सैन्याने मारलेल्या बंडखोरांत त्याला तिचे प्रेत सापडते, आणि तो सैनिकांच्या संगिनीवर स्वतःला झोकून देतो. इथे लेखक एक धाडस करतो. सैजा खरोखर होता की नाही हे महत्त्वाचे नाही, असे सैजा पुष्कळ होते हे आपण सिद्ध करू शकतो, असे तो कथेतच सांगून टाकतो. कचेरीचा कागद आणि कल्पित कथा यांची अशी जोड त्यापूर्वीच्या कादंबरीत क्वचितच दिसेल.

आता या पुस्तकाच्या उणिवा. पहिली म्हणजे नायकाचे स्वतःवरचे प्रेम. हावेलार कुठेच चुकत नाही. तो उदार आहे, विद्वान आहे, विनोदी आहे. अन्यायाचे पुस्तक वाचता वाचता ते अन्याय झालेल्या साहेबाचे पुस्तक होऊ लागते. लेखकाच्या चरित्रातला एक तपशील तर अधिकच अवघड करणारा आहे. छापण्यापूर्वीच्या वाटाघाटींत देकर पुस्तक मागे घ्यायला तयार होता. त्याच्या अटी होत्या: जावात रेसिडेंटची जागा, गेलेल्या वर्षांची सेवा जमा, पैसे आणि एक मानाचे पदक. सरकारने त्या मानल्या असत्या तर सैजा कुणालाच भेटला नसता. या तपशिलामुळे पुस्तक खोटे ठरत नाही. पण निनावी लिहिणारा नोकर म्हणजे संतच असतो, हा आपला भाबडा समज त्यामुळे मोडतो.

दुसरी उणीव अशी की सैजा बोलत नाही. त्याच्या वतीने साहेब बोलतो. देकरला डच सत्ता नको नव्हती, ती न्यायी हवी होती. पुढे १८७० च्या कायद्यांनी सक्तीच्या लागवडीचा मोठा भाग मोडीत निघू लागला आणि खासगी कंपन्यांना जावाची दारे उघडली. कॉफीची सक्ती मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत रेंगाळली. मालक बदलले, करार बदलले, पाट्या बदलल्या. शेतात वाकलेली पाठ तीच राहिली. देकरला याची चाहूल होती. १८६२ मध्ये 'मुक्त श्रमा'वर पुस्तिका लिहून त्याने सक्तीच्या विरोधकांनाही सोडले नाही. व्यवस्थेत बदल आणि माणसाच्या स्थितीत बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला कळले त्याचे लेखन त्या बदलानंतरही वाचले जाते.

आता 'नीलदर्पण'. दीनबंधू मित्र हे टपाल खात्यातले अधिकारी. नोकरीच्या फिरतीत नदिया, जेसोर, ढाका या भागांत त्यांनी निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम पाहिला. १८६० मध्ये ढाक्यात नाटक छापले गेले तेव्हा लेखकाची ओळख होती 'कोणी एक पथिक'. देकर नोकरी गमावून लिहीत होता, मित्र नोकरीत राहून. म्हणून इथली निनावी ही खरी निनावी आहे. आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली. १८६१ मध्ये इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करणाऱ्या जेम्स लाँग या पाद्र्याला मळेवाल्यांनी कोर्टात खेचले. त्याला एक महिन्याची कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. दंड कालीप्रसन्न सिंह यांनी भरला. लेखक मात्र नोकरीत राहिले. याला भित्रेपणा म्हणायचे का? आम्ही म्हणणार नाही. पण लेखकाने झाकलेल्या नावाचा भार कुणाच्या तरी खांद्यावर जातोच, हे प्रत्येक निनावी लेखकाने आणि संपादकानेही ध्यानात ठेवावे.

'नीलदर्पण'मध्ये जे आहे आणि 'माक्स हावेलार'मध्ये नाही ते म्हणजे तोराप. हा मुसलमान रयत. मळेवाल्यांच्या गोदामात तो डांबलेला आहे. ज्या हिंदू कुटुंबाने त्याला आधार दिला त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायला त्याचे मन तयार होत नाही. नमकहरामी त्याला जमत नाही. पुढे क्षेत्रमणीला गोऱ्या साहेबाच्या तावडीतून सोडवण्यात तो पुढे असतो, आणि वूड साहेबाच्या नाकाचा चावाही घेतो! नाटकातील भद्रलोक पात्रे पुस्तकी भाषेत बोलतात, रडतात, मरतात. तोराप बोलतो तो आपल्या बोलीत. नाटक म्हणून या कृतीत बटबटीतपणा आहे आणि शेवटी मृत्यूंची रांग लागते. तरी तोराप तोंड उघडतो तेव्हा रंगमंच जिवंत होतो. टपाल खात्यातल्या फिरत्या माणसाने त्याचे बोलणे कान देऊन ऐकले होते. नोकराने स्वतःचे गाऱ्हाणे बाजूला ठेवून दुसऱ्याचे ऐकले की काय घडते, याचे हे उदाहरण.

मराठीत याआधीच लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात सरकारी नोकरीत असताना टोपणनावाने 'प्रभाकर'मध्ये शतपत्रे लिहिली. त्यांचा रोख मात्र कचेरीपेक्षा स्वतःच्या समाजावर अधिक होता. म्हणजे टोपणनाव केवळ साहेबापासून वाचवत नाही, ते भाऊबंदांपासूनही वाचवते. हा मुद्दा आपल्या लेखकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

निनावी साक्षीवर विसंबावे का, या प्रश्नाला आपल्या परंपरेत एक जुने उत्तर आहे. हदीसच्या अभ्यासकांनी मजकुराइतकेच सांगणाऱ्यांच्या साखळीला महत्त्व दिले. कोणी कुणाकडून ऐकले, तो माणूस कसा होता, हे तपासले. ज्याची ओळख पटत नाही असा रावी 'मजहूल' ठरतो आणि त्याची रिवायत कमकुवत मानली जाते. ही कसोटी साहित्याला जशीच्या तशी लावता येणार नाही. पण तिच्यातला विचार उपयोगी आहे. सांगणारा अज्ञात असेल तर मजकुरावर जास्त जबाबदारी पडते. त्याला तपशिलाने, तारखेने, आकड्याने, स्वतःच्या चुकीच्या कबुलीने उभे राहावे लागते.

इथे 'माक्स हावेलार'च्या छपाईची हकीकत सांगायला हवी. हस्तलिखित याकोब फान लेनेप या प्रतिष्ठित लेखकाच्या हाती गेले. त्याने हक्क स्वतःकडे घेतले, किंमत भारी ठेवली आणि गावांची नावे व तारखा काढून तिथे टिंबे घातली. देकर कोर्टात गेला, हरला. १८७५ च्या आवृत्तीत त्याने नावे परत घातली. फान लेनेपने काय केले ते पाहा. लेखकाचे नाव झाकणे एक आणि गावाचे, तारखेचे, अधिकाऱ्याच्या हुद्द्याचे नाव झाकणे दुसरे. पहिल्याने लिहिणारा वाचतो, दुसऱ्याने गुन्हा वाचतो.

नाव सांगण्याची किंमत किती असू शकते हेही विसरता येणार नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील तरुण अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये रस्त्यांच्या कामातील भ्रष्टाचाराविषयी थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले. निनावी पत्राला कुणी किंमत देत नाही म्हणून त्यांनी आपली ओळख वेगळ्या कागदावर जोडली आणि ती गुप्त ठेवण्याची विनंती केली. ती गुप्त राहिली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. तपासयंत्रणेने कारण लूटमार असे सांगितले आणि २०१० मध्ये न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले. पण नाव फुटले, ही गोष्ट त्या निकालाने पुसली जात नाही. पुढे २०१४ मध्ये अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यातही ओळख न देणाऱ्याच्या तक्रारीवर कारवाई नाही. म्हणजे नाव दिले तर जीव धोक्यात, न दिले तर शब्द वाया. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत साहित्य उभे राहू शकते. कथेला चौकशी अधिकाऱ्याची परवानगी लागत नाही.

आता पुन्हा आमच्या हातातल्या कथेकडे. तिचे तपशील चोख आहेत. विलीनीकरणाच्या दिवशी जुनी पाटी उतरवणाऱ्या शिपायाचे नावही नव्या यादीत नव्हते, हा प्रसंग विसरता येत नाही. पण कथेतला निवेदक हावेलारसारखा निर्मळ आहे. सगळे दोषी, तो एकटा निर्दोष. आणि अकरा माणसांपैकी एकही स्वतःच्या तोंडून बोलत नाही. आमच्यातल्या एकाने सुचवले की शहराचा आणि शाखेचा उल्लेख काढावा. त्या क्षणी आम्हाला फान लेनेप आठवला आणि आम्ही गप्प झालो.

'माक्स हावेलार'मध्ये व्हरब्रुख नावाचा एक दुय्यम अधिकारी आहे. माणूस चांगला, प्रामाणिक. लेबाकमध्ये काय चालते ते त्याला सगळे ठाऊक आहे. खासगीत तो मान्यही करतो. पण लेखी विचारले की त्याची लेखणी अडते. त्याला बढतीचा विचार आहे. कादंबरी त्याला खलनायक करत नाही. आम्हाला वाटते, आपल्यातले हावेलार थोडे आणि व्हरब्रुख पुष्कळ. आम्ही स्वतः त्यांतले. ज्याला सारे ठाऊक होते आणि ज्याने यादीवर सही केली, त्याची कथा मराठीत अजून लिहिली जायची आहे. ती निनावी असली तरी चालेल. तिला स्वतःची कबुली हीच सनद पुरेल.

म्हणून आम्ही कथा परत पाठवली. नाव छापणार नाही, शहर राहू द्या, अकरांपैकी निदान एकाला बोलू द्या, आणि यादी तयार होत होती तेव्हा आपण कोणत्या टेबलावर बसला होता ते लिहा, एवढेच कळवले. अंक छपाईला जाईपर्यंत उत्तर आलेले नाही. त्या लेखकाने या पानापर्यंत वाचले असेल तर त्यांनी घाई करू नये. पुढच्या अंकात जागा आहे.